अंबाबाईचं दर्शन झाल्यावर संध्याकाळ रंकाळ्यावर घालवायची आहे, सासूबाईंचे गुडघे आणि पोरगं दोन्ही सांभाळून कसं जमवावं?

डोंबिवलीची_सून

नमस्कार मंडळी. गुगलवर शोधलं तर सगळीकडे तेच 'कोल्हापुरातील प्रेक्षणीय स्थळे' येतंय आणि कामाचं काहीच कळत नाहीये, म्हणून इथे विचारते. ३१ जानेवारीला आम्ही चौघं येतोय, मी, नवरा, सासूबाई आणि आमचे साडेपाच वर्षांचे चिरंजीव. सकाळी पोचणार, रूमवर आंघोळी उरकून अंबाबाईचं दर्शन, ओटी भरायची आहे, मग जेवण, आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत. मधली दुपार ते संध्याकाळ मोकळी आहे. नवऱ्याचं म्हणणं पन्हाळा करून येऊ. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्या म्हणतात मला कुठे चढायला लावू नका, पाणी दिसेल अशा जागी बसवा आणि तुम्ही काय हुंदडायचं ते हुंदडा. त्यांनी लग्नाआधी कधीतरी रंकाळा बघितलाय, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात कोल्हापूर म्हणजे देऊळ आणि रंकाळा एवढंच.

तर रंकाळ्याला नक्की कुठल्या बाजूला जायचं? मॅपवर बघितलं तर केवढा मोठा तलाव आहे, चारी बाजूंनी रस्ते दिसतायत. बाग आहे का, मुलांना खेळायला काही आहे का, बोटिंग चालू असतं का, बसायला टेकायची जागा मिळेल का, आणि बाथरूमचं काय? साडेआठ-नऊची गाडी आहे तर तिथून किती वाजता उठावं? आणि प्लीज 'पन्हाळ्यालाच जा' असं कोणी लिहू नका, नवरा हा धागा वाचतोय.

पेठेतला_निवांत

३१ ला? ताई तुम्ही तारीख बघून तिकीट काढलंय का आपलं असंच? किरणोत्सव हाय की त्या दिवशी.

डोंबिवलीची_सून

अगं बाई. नाही हो, सुट्टी जुळत होती म्हणून काढलं. किरणोत्सव म्हणजे देवीवर सूर्यकिरणं पडतात ते ना? मग फार गर्दी असते का? आणि तो संध्याकाळी असतो का, म्हणजे रंकाळ्याचं गणित चुकणार का?

महाद्वार_रोड

संध्याकाळीच असतो आणि गणित चुकत नाही, उलट गंमत आहे, जरा सविस्तर लिहितो. अंबाबाईचं देऊळ पश्चिममुखी. वर्षातून दोन वेळा मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडपातून पुढे सरकत सरकत गाभाऱ्यात जातात आणि देवीच्या मूर्तीवर पडतात. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि आता ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, असा क्रम धरतात. म्हणजे तुमच्या दिवशी चरणस्पर्श. दोनदाच का तर २१-२२ डिसेंबरपर्यंत सूर्य दक्षिणेला सरकत जातो आणि तिथून परत फिरतो, त्यामुळे नोव्हेंबरात तो क्षितिजावर ज्या जागी मावळतो त्याच जागी परत यायला फेब्रुवारी उजाडतो, मधले दिवस मोजून बघा दोन्हीकडे सारखेच भरतात. आमच्या लहानपणी हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं, 'देवीची लीला' म्हणून मोकळे व्हायचे, पण मला वाटतं बांधणाऱ्यानं हे गणित दगडात बसवलं हीच मोठी लीला.

आता मुद्दा असा की त्या दिवसांत सूर्य देवळातून बघितलं तर बरोबर रंकाळ्याच्या अंगाला मावळतो. म्हणजे तुम्ही चौपाटीवर बसून जो सूर्य पाण्यात उतरताना बघणार तोच त्याच वेळेला तिकडं देवीच्या पायाशी पोचत असतो. दोन्ही ठिकाणी एकदम हजर राहता येत नाही, काहीतरी एकच निवडा. आणि सासूबाईंना घेऊन असाल तर खरं सांगू का, किरणोत्सवाला आत उभं राहायला मिळणं अवघड, माणसं खूप आधीपासून जागा धरून असतात, चेंगराचेंगरी नसली तरी तासभर पायावर उभं राहायला लागतं. वर हवेत धूळ असली, ढग आले, नाहीतर मधल्या इमारतींची आडकाठी झाली तर किरणं पायापर्यंतही पोचत नाहीत, हा वाद इथं दर वर्षी पेपरात असतो. त्यामुळे दर्शन सकाळीच उरका, जितकं लवकर तितकं बरं, आणि संध्याकाळ रंकाळ्याला द्या.

जुना_वाशी_नाका

वरच्या दादांचं बरोबर आहे. बाकीचं मी सांगते, आम्ही रंकाळ्याच्या काठावरच राहतो आणि आमच्याही घरात गुडघेवाल्या आहेत.

पहिली गोष्ट, रंकाळा म्हणजे एक जागा असं समजून रिक्षात बसू नका. 'रंकाळ्याला सोडा' म्हटलं की रिक्षावाला कुठंही सोडतो, रंकाळा स्टँडवर सोडलं तर तिथनं पाणी दिसतसुद्धा नाही, तुम्ही बघतच बसाल तलाव कुठाय म्हणून. फेरा म्हटला तर चार-साडेचार किलोमीटरचा आहे आणि प्रत्येक काठाची तऱ्हा वेगळी. रंकाळा टॉवरच्या बाजूला पेठेतली माणसं, जुना दगडी बांध आणि पाण्यातला संध्यामठ. मधे चौपाटी, म्हणजे गाड्या, भेळ, घोडे, पोरांची गर्दी. चौपाटीला लागून पद्माराजे उद्यान, तिथं झाडं आहेत, सावली आहे. पलीकडच्या काठाला शालिनी पॅलेस, तिकडं निवांत पण खायला प्यायला काही नाही. सकाळच्या वेळी फिरायला येणाऱ्यांचा रंकाळा आणखी वेगळा, तो तुम्हाला मिळणार नाही, सोडून द्या.

तुमच्यासाठी सांगायचं तर चार-सव्वाचारला पद्माराजे उद्यानाशी रिक्षा सोडा. त्या वेळेला चौपाटीवर ऊन डोळ्यावर येतं, अगदी समोरूनच येतं, पाणी चमकतं आणि सासूबाई पाच मिनिटांत वैतागतील. बागेत झाडाखाली बाक बघून त्यांना बसवा, पोराला तिथंच घसरगुंडी झोपाळे आहेत, त्याचा दम तिथं जिरवा. मग साडेपाचला उठून हळूहळू चौपाटीवर या, चालणं फारसं नाही आणि सपाट आहे. तिथं कठड्याला लागून बसायला जागा आहेत, नुसत्या दगडावर बसू नका, थंडीचे दिवस आहेत दगड गार पडतो आणि गुडघे लगेच बोलायला लागतात. एखादी जाड चादर नाहीतर फोल्डिंगची बसकण न्या. सूर्य साडेसहाच्या सुमाराला बुडतो.

बोटिंगच्या भरवशावर पोराला कबूल करू नका. कधी चालू असतं कधी बंद. असलं तर बोनस.

आणि पोराचा हात सोडू नका एवढं लक्षात ठेवा. कठडा आहे पण काही ठिकाणी त्यावर चढून बसायची सगळ्यांना सवय, मोठी माणसं बसली की पोरं पण चढतात. पाणी खोल आहे, हा मूळचा दगडाच्या खाणीचा तलाव, काठापासून हळूहळू खोल होत जातो असं काही नाही.

साधासरळ_माणूस

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी लिहितो. रंकाळ्याला जा, पण फोटोत बघून आलाय तसा दिसेलच असं नाही. केंदाळ म्हणजे जलपर्णी वाढलेली असली तर काठाला नुसतं हिरवं गालिच्यासारखं पसरलेलं असतं, कुठं कुठं वास येतो, चौपाटीवर भेळेचे कागद आणि कणसाची बुटकी पडलेली असतात. गावातलं सांडपाणी किती वर्षं यात येत होतं आणि अजूनही पूर्ण थांबलंय असं मला तरी वाटत नाही. मध्ये काही वर्षांपूर्वी तर पूर्ण पाणी हिरवंगार झालं होतं शेवाळानं, रंग कालवल्यासारखं. दर वेळी सुशोभीकरण म्हणून दिवे लावायचे फरशा बसवायच्या आणि नाला तसाच. पाहुण्यांना खरं सांगावं.

पेठेतला_निवांत

आलं बघा हे. दादा, तुमचं पण बरोबर हाय पण पाहुणे तासभर बसायला येणार, त्यांना नाल्याचा इतिहास कशाला. जानेवारीत वास नसतोय एवढा. उन्हाळ्यात पाणी आटलं की मग बोला.

साधासरळ_माणूस

नाल्याचा इतिहास सांगितला नाही तर पुढच्या वेळी पाहुणे बसायला तलावच राहणार नाही. आणि मी जाऊ नका म्हटलेलंच नाही, वाचा नीट. मी स्वतः रोज पहाटे जातोय.

पेठेतला_निवांत

रोज जाताय आणि रोज शिव्या देताय, ह्यालाच कोल्हापूरकर म्हणत्यात 😄

काठावरचा_मास्तर

थोडी माहितीची भर घालतो, ताईंच्या सासूबाईंना बसल्या बसल्या सांगायला उपयोगी पडेल. रंकाळ्याच्या जागी आधी दगडाच्या खाणी होत्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास भूकंप झाला आणि तिथं पाणी भरलं, असं परंपरेनं सांगतात. खाणींची खूण अजून आजूबाजूला आहे, इराणी खण, पतौडी खण ही नावं ऐकाल. हल्ली गणपती विसर्जन रंकाळ्याऐवजी इराणी खणीत होतं, हे एक काम मात्र गावानं चांगलं केलं. पाण्याखाली रंकभैरवाचं सोन्याचं देऊळ आहे अशी आख्यायिका, ती कोणी तपासायला गेलं नाही आणि जाऊही नये.

संध्यामठ नक्की दाखवा. टॉवरच्या अंगाला पाण्यात उभा असलेला काळ्या दगडाचा मंडप आहे, जुनी बांधणी. पावसाळ्यानंतर भरपूर पाणी असलं की अर्धा बुडालेला असतो, उन्हाळ्याकडे उघडा पडत जातो. जानेवारीत साधारण मधल्या स्थितीत. त्याच्या छपरावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले दिसतात, ओळीनं, धुणं वाळत घातल्यासारखे, पोराला ते जास्त आवडेल. थंडीत पाण्यावर काळे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले पक्षी दिसले तर ते चांदवे. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल असलेली बदकं दिसली तर हळदी-कुंकू. नाव ऐकूनच सासूबाई खूश होतील.

काठावर नंदीचं देऊळ आहे. तो नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो आणि ज्या दिवशी रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय, असं आमची आजी सांगायची. हिशोबाप्रमाणे रोज थोडा पुढंच जातोय म्हणजे. शाळेतली पोरं दर सहलीला विचारतात सर अजून किती राहिलंय.

समोर पाण्यापलीकडे जो मनोऱ्याचा राजवाडा दिसतो तो शालिनी पॅलेस, राजकन्या शालिनीराजेंच्या नावानं १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला, त्या वेळचे आठ लाख रुपये लागले. काळा दगड आणि इटालियन संगमरवर. पुढे १९८७ मध्ये त्याचं हॉटेल केलं होतं. आता तुम्ही आत जायच्या भानगडीत पडू नका, तो लांबूनच चांगला दिसतो, सूर्य कलला की त्याची कड काळी होते आणि मागे आकाश केशरी. फोटो काढायचा तर तोच काढा.

डोंबिवलीची_सून

किती छान लिहिताय सगळे, थँक्यू. सासूबाईंना हळदी-कुंकू बदकाचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या "आमच्या वेळी हे कुणी दाखवलं नाही, भेळ खायला घातली आणि परत नेलं." नवरा पन्हाळ्यावरून उतरलाय, आता न्यू पॅलेसवर आलाय. म्हणतो दुपारी जेवण झाल्यावर तिथलं म्युझियम करू मग रंकाळा. जमेल का? आणि सामानाचं काय करायचं, रूम दुपारी सोडायची आहे.

महाद्वार_रोड

न्यू पॅलेस जमेल पण घाईत. गावाच्या उत्तरेला आहे, रंकाळा दुसऱ्या टोकाला. म्युझियममध्ये सगळं चालत आणि उभ्यानं बघायचं आहे, शस्त्रं, पेंढा भरलेले वाघ-बिबटे, दरबार हॉल. आवारात छोटं तळं आहे, हरणं आहेत, पोरगं रमेल. वास्तू १८८४ ची, बघण्यासारखी आहे यात वाद नाही. पण सकाळी दर्शनाची रांग, दुपारी म्युझियम, संध्याकाळी रंकाळा, तीन वेळा सासूबाईंना उभं करणार? नवऱ्याला आणि पोराला पॅलेसवर पाठवा, तुम्ही दोघी रूमवर तासभर आडव्या पडा आणि चारला सगळे रंकाळ्यावर भेटा. आमच्याकडं पाहुणे आले की आम्ही असंच दोन तुकड्यांत वाटतो.

सामानाचं सोपं आहे, हॉटेलवाल्याला विचारा, बहुतेक जण काउंटरमागे बॅगा ठेवून घेतात. हॉटेल देवळाच्या जवळ असेल तर रंकाळ्याहून स्टेशनला जाताना वाटेवर उचलता येतील. फक्त त्या संध्याकाळी महाद्वाराजवळ रिक्षा आत सोडत नसतील, किरणोत्सवाची गर्दी, त्यामुळे बॅगा थोड्या चालत बाहेर आणायला लागतील. हे काम नवऱ्याला द्या. पन्हाळा चढायला निघाला होता तो.

जुना_वाशी_नाका

बाथरूमचं विचारलेलं, ते कोणी पुरुष माणूस सांगणार नाही. बागेच्या आणि चौपाटीच्या बाजूला सोय आहे पण स्वच्छतेची खात्री मी देणार नाही आणि वयस्कर बाईला ते कमोड-बिमोडचं बघावं लागतं. रूमवरनं निघतानाच आटपून निघा. संध्याकाळी गरज पडली तर चौपाटीसमोर रस्त्यापलीकडं हॉटेलं आहेत, तिथं चहा घ्यायला बसा आणि तिथलं वापरा, चहा पण होतो.

ते घोडेवाले मागे लागतात, आधी भाव ठरवा, "एक राउंड" म्हणजे कुठून कुठपर्यंत ते पण ठरवा. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याला ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत नेऊन आणलं आणि राउंड झाला म्हणाला, पोरगं रडायला लागलं. जंपिंग, छोट्या बॅटरीच्या गाड्या वगैरे पण असतात संध्याकाळी, तुमचा चिरंजीव तिथंच अडकेल आणि सूर्यास्त गेला खड्ड्यात, त्यामुळे आधी सूर्य मग गाड्या.

खातोय_पितोय

अरे ह्या धाग्यात खाण्याचं कोणीच काय बोललं नाही, आपण कोल्हापुरात हाय का कुठं?

चौपाटीवर भेळ खायचीच. आमच्याकडची भेळ म्हणजे मुंबईची शेवपुरीची बहीण नव्हं, चिरमुरे, फरसाण, बारीक कांदा, कोथिंबीर, सीझन असला तर कैरी आणि वरनं चिंच-गुळाचं पाणी कमी, तिखट चटणी जास्त. गाडीवाला मोठ्या पातेल्यात उलथण्यानं टण टण करत कालवतो, तो आवाज आला की समजायचं तुमची होत आली. लगेच खायची, पाच मिनिटं बोलत बसलात तर चिरमुरे माना टाकतात. डोंबिवलीहून येताय तर 'मिडीयम' सांगा, आमचं मिडीयम तुमचं तिखट असतंय. पोराला बिनतिखटाची वेगळी मिळते, लाजू नका मागायला.

दुपारच्या जेवणाला तांबडा-पांढरा असेलच, देवीचं करून आलाय तर व्हेज थाळीत पण अख्खा मसूर मिळतो बघा, तो खा. सकाळी मिसळ खाल्ली असली तर रात्री ट्रेनमध्ये हलकं.

आणि परत जाताना गंगावेशीत थांबा. रंकाळ्याहून गावात शिरताना वाटेवरच. संध्याकाळी तिथं दूधकट्ट्यावर म्हशी आणून बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात, ग्लासातच. वर फेस येतो बोटभर, ग्लास कोमट लागतो हाताला. पैलवान लोक तालमीतनं थेट तिथं येतात. शहराच्या मधोमध रस्त्यावर म्हैस पिळून दूध पाजणारं गाव दुसरं कुठं असलं तर दाखवा.

कळंब्याचा_पक्या

सगळे रंकाळा रंकाळा करताय, कळंबा तलावावर जावा की. गर्दी नाही, हवा कसली सुटते संध्याकाळी, पाणी स्वच्छ. रंकाळ्याच्या डबल निवांत.

जुना_वाशी_नाका

पक्या, निवांत आहे मान्य पण लांब पडतं आणि परत स्टेशनला यायचं म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. साडेसातला तिथनं रिक्षा मिळायची पंचाईत. आणि त्यांना रंकाळा बघायचाय, सासूबाईंची आठवण रंकाळ्याची आहे, कळंब्याची नाही.

कळंब्याचा_पक्या

बरं बाबा. पुढच्या वेळी कळंबा. पण नुसता सांगून ठेवतो.

साधासरळ_माणूस

वेळेचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून सांगतो. रंकाळ्यावरनं रेल्वे स्टेशन चार-पाच किलोमीटर आहे, एरवी वीस मिनिटं. पण त्या दिवशी संध्याकाळी देवळाकडची गर्दी सुटलेली असणार, बॅगा घ्यायच्या, मधे दूध प्यायचं, हे सगळं धरून सातला रंकाळा सोडा. अगदी सव्वासात. चौपाटीवर त्या वेळेला रिकामी रिक्षा मिळत नाही कारण सगळेच निघालेले असतात, ॲपवाली गाडी बोलावली तर ती सिग्नलला अडकून बसते. येतानाच रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि वेळ ठरवा, बरेच जण येतात परत. टॉवरच्या बाजूला उभं राहिलात तर लवकर सुटका होते, चौपाटीच्या तोंडाला सगळा चिखल असतो गाड्यांचा.

आणि एक, संध्यामठ बघायला टॉवरच्या बाजूला जायचंच आहे तुम्हाला, तर तो शेवटी ठेवा. म्हणजे बाग, मग चौपाटीवर सूर्यास्त, मग काठाकाठानं टॉवरकडं येता येता मठ, आणि तिथंच रिक्षा. सासूबाईंना काठानं चालवायला नको, त्यांना आणि एकाला रिक्षानं टॉवरला पाठवा.

काठावरचा_मास्तर

एक दुरुस्ती सुचवतो. सूर्य बुडाल्यावर मठ काळोखात जातो, पाणकावळे पण ओळखू यायचे नाहीत. मठ आधी बघा, चारला टॉवरला उतरून दहा मिनिटं बांधावरून, मग त्याच रिक्षानं बागेपाशी. रिक्षावाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं तर थांबतो.

साधासरळ_माणूस

हे पटलं. असं करा.

डोंबिवलीची_सून

झालं, ठरलं. चारला टॉवर आणि संध्यामठ, रिक्षा थांबवून. मग पद्माराजे उद्यान, साडेपाचला चौपाटी, सूर्यास्त, मग गाड्या-घोडे-भेळ, सातला रिक्षा, गंगावेस, बॅगा, स्टेशन. दर्शन सकाळी. न्यू पॅलेस फक्त नवरा आणि पोरगं, आणि नवऱ्यानं ते आनंदानं मान्य केलंय, मला वाटतं त्याला पेंढा भरलेले वाघच बघायचे होते.

दोन शेवटचे प्रश्न. स्वेटर लागेल का? आणि ते दूध कच्चंच असतं ना? मुलाला चालेल का?

जुना_वाशी_नाका

सूर्य बुडाला की पाण्यावरनं गार वारं येतं, स्वेटर आणि सासूबाईंना कानाला स्कार्फ घ्याच. दुपारी ऊन लागतंय म्हणून बॅगेत कोंबून हॉटेलवर ठेवू नका.

खातोय_पितोय

कच्चंच असतंय ताई, उकळलेलं नसतंय. पोराला नको, रात्रभर रेल्वेत झोपायचंय त्याला आणि तुम्हाला. सासूबाईंना पण नको. नवऱ्याला पाजा मोठा ग्लास, बॅगा त्यानंच उचलायच्या हायत.

डोंबिवलीची_सून

नवरा वाचतोय. "चालेल" म्हणतोय. "दोन ग्लास" म्हणतोय.